फोर बाय फोरमध्ये शेजारी बसलेले सर

आमचे गणिताचे सर गाडी थांबवून खाली उतरले की समजायचं, पुढे पाणी आहे. पाणी म्हणजे ओढाच असायला हवा असं नाही. रस्त्यात म्हैस बसेल एवढं डबकं असलं तरी ते उतरत, पँट दोनदा दुमडत, सीटखालची बांबूची काठी काढत आणि त्या डबक्यातून सावकाश चालत पलीकडे जाऊन परत येत. मग पाय पुसत, चपला घालत, काठी आत ठेवत आणि म्हणत, "चला, घोट्याच्या खाली आहे." एवढं होईपर्यंत मागून आलेल्या दोन मोटरसायकली आणि एक रिक्षा ते डबकं ओलांडून निघून गेलेल्या असत. मागच्या सीटवर बसणाऱ्या आमच्या गुजरातीच्या बेन तेवढ्यात एक झोप काढून घेत.

शाळा दुधनीच्याही पुढे, एका ओढ्यापलीकडच्या पाड्यावर. आम्ही तिघं शिक्षक सिल्वासाहून रोज जायचो. सर डोकमर्डीला राहायचे, मी सामरवरणीला आणि बेन मध्येच कुठेतरी रस्त्यावर उभ्या असायच्या. एक आठवडा सरांची गाडी, एक आठवडा माझी, असं ठरलं होतं. सरांची गाडी म्हणजे एक छोटी, पांढरी, बरीच जुनी गाडी. मात्र टायर नेहमी कोरे. माझी गाडी म्हणजे... पण तिच्याबद्दल बोलताना मला अजूनही थोडं घुटमळायला होतं.

माझी गाडी फोर बाय फोर. उंच, काळी, मागच्या दारावर तसं ठसठशीत लिहिलेलं. ती घेतली तेव्हा मी सगळ्यांना कारण सांगत असे की शाळा इंटिरियरला आहे, रस्ता खराब आहे, पावसाळ्यात साध्या गाडीचं काम नाही. हे कारण मी इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितलं की माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. खरं कारण वेगळं होतं. मला गाडी चालवायची भीती वाटायची. मी मूळची गुहागरकडची. तिथे जन्मभर एसटीने फिरले. लग्न होऊन इकडे आले तर नवऱ्याची धाग्याच्या फॅक्टरीत शिफ्ट ड्युटी, म्हणजे मला सोडायला-आणायला कोणी नाही. त्याने मला एका मोकळ्या प्लॉटवर गाडी शिकवली आणि तिसऱ्याच दिवशी मी त्या प्लॉटची भिंत पाडली. त्यानंतर बदलीची ऑर्डर आली ती थेट दुधनीच्या पुढची. नोकरी सोडावी की काय, इथवर मी आले होते. मग शोरूममधला एक चुणचुणीत माणूस म्हणाला, "मॅडम, ये गाड़ी है ना, खुद संभाल लेती है." मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

पेढे घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले. सर्वांनी अभिनंदन केलं. सरांनी पेढा घेतला, बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून हवा मोजायचं यंत्र काढून चारही टायर तपासले आणि आत येऊन म्हणाले, "मागच्या डाव्या टायरात हवा जास्त भरून राहिले हे लोक. बाकी रंग चांगला आहे." ते यंत्र त्यांच्या वरच्या खिशात लाल पेनाच्या शेजारी कायम असे. मधल्या सुट्टीत ते शाळेच्या आवारात उभी असलेली प्रत्येक गाडी तपासत. पोस्टमनची सायकलही सुटत नसे. मुख्याध्यापकांच्या मोटरसायकलची हवा त्यांनी एकदा न विचारता कमी केली होती. त्यावरून दोघांचं चार दिवस बोलणं बंद होतं.

त्यांचा सिद्धान्त साधा होता. चारही चाकांना ताकद देणारी गाडी आपल्यासारख्यांना लागत नाही. हे ते कोणालाही, कधीही सांगत. डोकमर्डीच्या त्यांच्या सोसायटीत अशा तीन-चार गाड्या होत्या. रविवारी सकाळी सर हात मागे बांधून पार्किंगमध्ये फिरत आणि वाकून वाकून त्या गाड्यांच्या पोटाखाली बघत. मालक खाली आला की विचारत, "चिखल दिसत नाही कुठं?" मालक म्हणे की गेल्या वर्षी मनालीला नेली होती. सर म्हणत, "मनाली सोडून." मालकाला दुसरं काही आठवत नसे. सोसायटीत सरांना चहाला फारसं कोणी बोलवत नसे, यात मला नवल वाटत नाही.

"मॅडम, धरतं ते टायर धरतं," ते मला सांगत. "इंजिन कितीही चाकं फिरवू दे. रस्त्यावर चपलेचा तळ गुळगुळीत असला तर दोन्ही पायांनी जोर लावून काय होणार? पडायचं ते पडणारच."

मी म्हणायची, "पण सर, असलेलं बरं ना?"

"असू द्या ना. माझं काय जातं. फक्त ते आहे म्हणून पाण्यात घालू नका."

वर्गातही तेच. अपूर्णांक शिकवताना ते फळ्यावर गाडी काढत आणि तिची ताकद चार चाकांना वाटून देत. पाड्यावरच्या ज्या मुलांनी आयुष्यात गाडीचं स्टिअरिंग धरलं नव्हतं, त्यांना एक चतुर्थांश म्हणजे मागचं डावं चाक हे पक्कं ठाऊक होतं.

त्यांचा वेग चाळीस. खानवेलपर्यंतचा रस्ता गुळगुळीत असला तरी चाळीस, पुढे वळणं लागली तरी जवळपास तेवढाच. सामरवरणीजवळ कारखान्यांचे ट्रक मागे लागत, हॉर्न वाजवून वाजवून थकत. सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. त्यांच्या डिकीत दोन गोणपाटं, एक खुरपं, जाड दोर आणि एक वीट असे. चढावर गाडी थांबवावी लागली तर वीट चाकामागे लावायची. गोणपाट चिखलात चाकाखाली घालायचं. या सामानावर, ते म्हणत, कोणतीही गाडी फोर बाय फोर होते.

पण त्यांची खरी ख्याती परत फिरण्यात होती. शाळेच्या अलीकडे ओढ्यावर एक फरशी आहे, म्हणजे पूल नाही, नुसता सिमेंटचा सपाट पट्टा, ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जातं. पाणी घोट्याच्या वर असलं की सर काठी आत टाकत आणि गाडी वळवत. खाली उभं राहून वाट बघणं नाही, चर्चा नाही. खानवेलला येऊन अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहीत. कारण: "फरशीवर पाणी, घोट्याच्या चार बोटं वर." मुख्याध्यापक त्या अर्जांना वैतागले होते. बाकीचे लोक तेवढ्या पाण्यातून येतात, मग यांनाच काय होतं, असं ते मला विचारत. मीही हसून घेत असे. माझ्या आठवड्यात सर शेजारी बसलेले असताना मलाही परत फिरावं लागे, कारण ते दार उघडून उतरतच आणि मग त्यांना पाण्यात सोडून जाणार कसं? एवढी काळी, उंच गाडी रजेच्या अर्जासाठी उलटी वळवताना मला फार कमीपणा वाटायचा.

एकदा मी त्यांना दाखवून द्यायचं ठरवलं. दुधनीच्या अलीकडे धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथे एक मोठा उतार आहे. रस्ता ओला होता. मी म्हटलं, "सर, धरून बसा, आज गाडी काय करते ते बघा." गाडीने जे केलं ते मीही बघितलंच. वळणावर ब्रेक दाबला तर ती थांबेना, सरळ घसरत जाऊन भाताच्या खाचराच्या बांधावर नाक टेकून उभी राहिली. खाचरात बायका आवणी, म्हणजे भाताची लावणी, करत होत्या. त्यातली एक कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, "बाय, आवणीला आलीस का? मग ये खाली." सगळ्या हसल्या. मागच्या सीटवर बेन जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "शाळा आवी गई?"

 सरांनी उतरून मला हाताने खुणा करत गाडी मागे घ्यायला लावली. पुन्हा शेजारी बसल्यावर मीच चिडून म्हटलं, "चारही चाकांची आहे तरी घसरते कशी?"

"ओढायला चार असतील," ते म्हणाले. "थांबायला सगळ्याच गाड्यांना चार असतात. माझ्या गाडीलापण." आणि शाळा येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला तेव्हा वाटलं, हसू दाबताहेत.

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. जुलैची अखेर. पाड्यावरच्या लोकांनी ठरवलं होतं की सरांचा निरोप दणक्यात करायचा. कोंबडीचा रस्सा, नागलीच्या भाकऱ्या, मुलांची गाणी. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुमचा आठवडा आहे. काहीही करा, पण उद्या या माणसाला वेळेवर आणा."

सकाळी डोकमर्डीला सर गेटपाशी उभे होते. नवा पांढरा शर्ट, कडक इस्त्री. हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कंपास, कोनमापक आणि गुण्या असा संच होता. नोकरीला लागले तेव्हा स्वतः बनवून घेतलेला, आता शाळेला द्यायला चालवलेला. ते सामान त्यांनी मांडीवर घेतलं आणि रस्ताभर दोन्ही हातांनी धरून बसले. खानवेलला ते म्हणाले, "आज पोरांना थोडं जास्त वेळ बसवू. नववीचा वर्तुळाचा धडा अर्धा राहिलाय." मी हो म्हटलं. माणूस निवृत्तीच्या दिवशीही धडा संपवायला निघाला होता.

फरशीपाशी पोचलो तर पाणी लाल, गढूळ, जोरात चाललेलं. पलीकडच्या काठावर अख्खी शाळा उभी होती. छत्रीखाली मुख्याध्यापक, हातात शाल. मुलींच्या हातात कागदी फुलांचा हार. सर उतरले. पँट दुमडली, माझ्या आठवड्यातही सोबत आणत ती काठी घेतली, पाच-सहा पावलं आत गेले आणि उभे राहिले. काठी हलत होती. मग तसेच, पाठ न वळवता, मागे मागे आले.

"परत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, आज नाही."

"गुडघ्याला लागून राहिलं, मॅडम."

"लागू दे. माझी गाडी उंच आहे. मी ही गाडी घेतली कशासाठी मग?"

"ते मला कसं माहीत?" ते अगदी साधेपणाने म्हणाले.

मला रडूच आलं. रागाने आलं. दोन वर्षं ही गाडी मी या माणसासमोर मिरवली होती आणि आज एकदा, फक्त एकदा, ती कोणाच्या तरी खऱ्या उपयोगाला येणार होती. मी त्यांना सांगितलं, तुम्ही थांबा इथे, मी जाते, निदान हार आणि शाल घेऊन येते. बेननी घरी लेकरं असल्याची आठवण दिली, "मने उतरवा दो, मारे घेर छोकरां छे," आणि दार उघडून उतरल्या. मी गिअर टाकला. सर चालत आले आणि बॉनेटच्या पुढे, पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. हात वर केले नाहीत, ओरडले नाहीत. नवा शर्ट भिजत होता. मी हॉर्न दिला. ते उभेच. शेवटी मी इंजिन बंद केलं.

सरांचा फोन वाजला. मुख्याध्यापकांचा होता, समोरूनच, त्यामुळे आवाज दोन्हीकडून येत होता. "अहो सर, मॅडमची फोर बाय फोर आहे ना? या की."

"साहेब," सर म्हणाले, "गाडी आहे. फरशी नाही."

मग जे झालं त्याला निरोप समारंभ म्हणायचं तर म्हणा. मुख्याध्यापकांनी मानपत्र फोनवर वाचलं. पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू आलं नाही. मुलांनी पलीकडून गाणं म्हटलं आणि शेवटी सगळ्यांनी हात हलवले. मुलींनी हार हातातच धरला होता. सर घोटाभर पाण्यात हात जोडून उभे होते. त्यांनी मान वळवली तेव्हा मी पाहिलं, त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला होता. या माणसाला परत फिरायची सवय आहे, म्हणजे त्याला त्याचं काही वाटत नाही, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि फरशी शाबूत निघाली, हेही सांगून टाकते. कदाचित गेलो असतो. कदाचित रस्साही गरम मिळाला असता. मी कंपास आणि गुण्या शाळेत पोचवले आणि मुख्याध्यापकांनी वर्तुळाचा धडा माझ्याकडे दिला. मी भाषेची शिक्षिका, तो धडा मी कसा शिकवला ते विचारू नका. सरांना फोन करून सांगितलं की फरशीला काही झालेलं नाही. ते म्हणाले, "बरं झालं. पण काल आपल्याला ते दिसत नव्हतं ना." मग महिन्याभरात ते धुळ्याकडे आपल्या गावी निघून गेले.

पण मला सांगायचंय ते निरोपाच्या दिवशी गाडी वळवतानाचं. डोळे पुसत मी गाडी वळवायला घेतली आणि मागची दोन्ही चाकं कडेच्या मऊ मातीत गेली. ॲक्सिलरेटर दाबला की चाकं फिरत, चिखल उडे आणि गाडी आणखी खाली बसे. गोणपाटं सरांच्या गाडीत, डोकमर्डीला. माझ्या डिकीत एक छत्री आणि टिश्यूचा डबा. पलीकडे अख्खी शाळा अजून उभी होती आणि आता काहीतरी बघण्यासारखं मिळाल्यामुळे मुलं पुढे सरकली होती.

सर माझ्या खिडकीशी आले. "मॅडम, ते टोपडं काढा."

गिअरच्या शेजारी एक गोल बटण होतं. शोरूममधल्या माणसाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं की याला उगाच हात लावू नका. म्हणून त्यावर धूळ बसू नये, कोणाचा हात लागू नये, यासाठी मी सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं टोपडं घातलं होतं. पांढरं, कडेने गुलाबी. मी ते काढलं. सरांनी खिडकीतून हात आत घालून बटण एक घर फिरवलं. समोर एक हिरवा दिवा लागला. असा दिवा माझ्या गाडीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

"आता हळू. अगदी हळू," ते म्हणाले.

गाडी एकदा हलली, चारही चाकांनी माती धरली आणि ती बाहेर आली. पलीकडून मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर शेजारी येऊन बसले, कंपास पुन्हा मांडीवर घेतला. बेन मागे बसल्या. मी त्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे आजपर्यंत..." मी म्हटलं.

"दोनच चाकं फिरत होती. मागची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. दिवा कधी लागलाच नाही." मग म्हणाले, "आज मात्र लागली बुवा गरज. ते मान्य करायला पाहिजे. परत फिरायला लागली."

"मग दोन वर्षं सांगितलं का नाही? सगळ्यांना सांगून हसता आलं असतं."

ते खिडकीबाहेर बघत होते, त्या घसरलेल्या दिवशी बघत होते तसेच. "पहिल्या आठवड्यात तुमचा हात स्टिअरिंगवर कापत होता, मॅडम. खानवेलपर्यंत कापत होता. मग तुम्ही मोठ्याने म्हणाल्या, आपली तर फोर बाय फोर आहे, आणि हात थांबला. मी म्हटलं, चालवून राहिल्या ना नीट, आपण कशाला बोलावं? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं आल्या असत्या. नाहीतर आल्याच नसत्या."

 दुधनीची वळणं, तो उतार, खानवेलचा बाजार, चिखलातले ते सगळे दिवस मी मनात पुन्हा एकदा चालवून पाहिले. कोणीच सांभाळलं नव्हतं. मीच चालवत होते.

मी बटण पुन्हा होतं तिथे फिरवलं. हिरवा दिवा विझला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सरांना डोकमर्डीला त्यांच्या दारापर्यंत सोडून आले, चाळीसच्या वेगाने.